सर्व सभासदांची डाळिंबं

गावाच्या सामाईक शीतगृहाचे अध्यक्ष हंबीरराव मोठे उदार. आतली सगळी जागा त्यांनी उदार मनाने स्वतःच्याच डाळिंबांना देऊन टाकली होती. हौसाबाईंची अंजिरं मात्र सकाळपासून दारात मऊ पडत होती. त्यांचा जीव तुटत होता.

एका सभासदाला पन्नासच क्रेट, असा नियम होता. हौसाबाईंनी भर सभेत विचारलं, "अध्यक्षसाहेब, आत माल कुणाचा?"

हंबीररावांनी छाती फुगवली. "एकट्याचा नाही, बाई! सर्व सभासदांचा!"

"बरं झालं," हौसाबाई पदर खोचत म्हणाल्या. "माझ्या वाटणीची डाळिंबं घरी नेते आणि त्या जागी अंजिरं ठेवते."

त्यांच्यामागे सगळी सभा रांगेत उभी राहिली.

"थांबा! माझी आहेत ती!" अध्यक्ष ओरडले.

सचिवांनी ते वाक्य इतिवृत्तात लिहून घेतलं. दुपारी पन्नास क्रेट सोडून बाकीची डाळिंबं बाहेर आली आणि अंजिरं गारव्याला गेली.