गुलाबच्या कपाळातला वाटाणा

ह्या गोष्टीचा शेवट कुणी आधी सांगितला, तर माझं पागोटं त्याला. लावा डोकं.

एका गावात एक भोळा गडी व्हता, गुलाब त्याचं नाव. तिशी उलटली तरी लगीन न्हाई. आई बायजाबाई सुनंसाठी झुरायची.

एकदा पडसं हटंना म्हणून गुलाब तालुक्याच्या डॉक्टरकडं गेला. डॉक्टरनं डोक्याचा फोटो काढला.

"कपाळाच्या पोकळीत वाटाण्याएवढं हाड वाढलंय. साधी गाठ आहे. त्रास नसेल तर हात लावायचा नाही, नुसती नजर ठेवायची. वर्षानं दुसरा फोटो काढून बघू. वाढली, डोकं दुखायला लागलं, तर काढू."

"बरं," गुलाब म्हणाला.

घरी आई म्हणाली, "दुधावर नजर ठेव." ठेवली. दूध वर आलं, चुलीत गेलं.

"मुडद्या, नुसता बघत बसलास?"

"हात कसा लावू? दुधाला काय त्रास नव्हता."

"आरं, फुगाय लागलं की पाणी शिंपडायचं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी तातोबामामा स्थळ घेऊन आला. बशीतला चहा फुंकाया त्यानं गाल फुगवले. गुलाबनं तांब्याभर पाणी तोंडावर मारलं.

मामा निथळत म्हणाला, "माणसाला आधी इचारावं बाबा, काय त्रास हाय का म्हणून."

"बरं."

मामानं पोरीकडं द्यायला नवऱ्या मुलाचा फोटो मागितला. गुलाबनं डॉक्टरनं काढलेला कवटीचा फोटो पाकिटात घालून दिला. पोरीच्या बापानं तो उजेडाला धरला. म्हणाला, "पोरगा जरा वाळलाय. पण दात चांगलं हायेत. या बघायला."

गेले. पोहे झाले. पोरगी पाटावर येऊन बसली.

बाप म्हणाला, "मग पाव्हणं, आमची कौसल्या पसंत हाय का?"

गुलाबनं आधी इचारलं, "तिचा तुम्हाला काय त्रास?"

"छ्या. लई गुणाची हाय."

"डोकं दुखतं तुमचं?"

"न्हाई बा."

"मग काढायची घाई कशाला? राहू द्या हाय तिथंच. नुसती नजर ठेवा. वर्षानं फोटो काढून आणा. वाढली तर बघू."

पोरीचे चार भाऊ उठले. भोळ्याला कोण मारणार? त्यांनी मामाला धरला.

तवापासून बारा गावांत गुलाबला कुणी पोरगी दाखवंना. त्याचं काय, तो मजेत. बायजाबाई मातुर सत्तरीची झाली, तरी दोघांच्या भाकऱ्या अजून तीच थापती.