यमुनेचं गोणपाट

"भांडं कोण घडवतं? ठोकणारा की फिरवणारा?"

हैबतीने हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा तो ऐरणीपेक्षाही बुटका होता. दादा नुसता हसला. वहिनी म्हणाली, "आधी भाकरी खा, मग शहाणपणा कर." पुढे हैबतीला मिसरूड फुटलं तरी तो विचारत राहिला आणि ते दोघे हसत राहिले. मग एका भाद्रपदात गावात तापाची साथ आली. आधी वहिनी गेली, तिच्या मागोमाग दादाही गेला. उत्तर देऊ शकतील अशी माणसंच उरली नाहीत.

हे दादा-वहिनी म्हणजे तात्याबा आणि यमुना. फार वर्षांपूर्वी, लग्नाची हळद अजून फिकी झाली नव्हती तेव्हा, ते नदीकाठच्या एका गावी तांब्याची भांडी घडवायला आले. जवळ एक हातोडा, एक ऐरण आणि कडेवर आईबापाविना पोरका झालेला तात्याबाचा धाकटा भाऊ हैबती, एवढाच त्यांचा संसार. मोठं भांडं घडवायचं तर दोन माणसं लागतात. एकजण ते ऐरणीवर धरून फिरवतो, दुसरा हातोडा चालवतो. मदतनीस ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून यमुना गोणपाटाची घडी घालून स्वतःच ऐरणीसमोर बसली.

तांबटांच्या आळीत बायका कोळसा आणून देत, भाता ओढत. पण ऐरणीवरच्या भांड्याला हात लावत नसत. आळी खदखदून हसली.

"काय तात्याबा, उद्या बायकोच्या हाती हातोडाही देशील वाटतं!"

"मागितला तर देईन की," तात्याबा म्हणाला. "पण मग भांडं मला धरावं लागेल, आणि ते काही मला जमायचं नाही."

लोकांना ती थट्टा वाटली. पण त्या दोघांच्या हंड्यांवरच्या ठोक्यांच्या ओळी अशा उतरू लागल्या, की जणू कोणी दोरी लावून पेरणी केली आहे. पंचक्रोशीतल्या लेकीबाळी त्यांच्या घागरी घेऊन सासरी जाऊ लागल्या. पुढे कारखाना वाढला, भट्ट्या वाढल्या, कारागीर आले. तरीही मोठं भांडं असलं की त्याला ते दोघेच हात लावत. तो हातोडा आणि ते गोणपाट.

जाण्यापूर्वी तात्याबाने गावाला शब्द दिला होता. चैत्रातल्या जत्रेसाठी, वाटसरूंना पाणी प्यायला, माणसाच्या छातीइतका उंच हंडा देईन. तो हंडा अर्धाच राहिला होता. गावकरी समजूतदार. "पोरा, राहू दे. आम्ही दुसरीकडून आणू," असं ते म्हणाले.

हैबती उसळून उठला. "दुसरीकडून? माझ्या दादाचा शब्द आहे तो! हंडा होणार. असा होणार, की नदीपलीकडून चमकेल!"

त्या दिवसापासून त्याच्या अंगात वारं शिरलं. त्याने दादाचा हातोडा भिंतीवर टांगून त्याला झेंडूचा हार घातला. स्वतःसाठी नवा, त्याहून जड हातोडा करवून घेतला. कोरीव काम करणाऱ्या माणसाला बोलावून सांगितलं, "हंड्याच्या गळ्याभोवती दादाचं नाव घाल. अक्षर एवढं मोठं, की आंधळ्यालाही वाचता यावं!" सारा कारखाना झाडून काढला आणि त्या झाडझुडीत वहिनीचं फाटकं गोणपाट गोठ्यात भिरकावून दिलं. मग दादाच्या जागी उभं राहून त्याने अर्ध्या हंड्यावर पहिला ठोका घातला. त्या आवाजाने त्याचे डोळे भरून आले. अगदी दादासारखाच आवाज!

पण आवाजापलीकडे काही जमेना. ओळी वाकू लागल्या. समोर बसून हंडा फिरवणारा कारागीर गोंधळे. हैबती ओरडे, "सरळ धर! झोपलास काय?" एक कारागीर उठून गेला, दुसरा बसला. तो बिचारा भीत भीत म्हणाला, "हैबती, तांबं कडक झालंय. थोडं भट्टीत घालू या."

"तापवत बसलो तर चैत्र उलटून जाईल! ठोकू दे मला."

शेवटी एके ठिकाणी पत्रा इतका पातळ झाला, की आणखी चार ठोक्यांत फाटलाच असता. दादाने आणि वहिनीने हात लावलेला तो अखेरचा हंडा होता. हैबतीने हातोडा फेकला आणि तो धावत सुटला, थेट घाटावरच्या गुरुजींकडे.

हे वृद्ध गुरुजी गावातल्या पोरांना अक्षरं शिकवीत. हैबती लहानपणी त्यांच्याकडून बाराखडी संपायच्या आत पळून गेला होता. तरी गुरुजी त्याला आपला शिष्यच म्हणत.

"गुरुजी, माझा हात चांगला आहे," तो धापा टाकत म्हणाला. "माणसंच वाईट मिळाली. कोणाला धरताच येत नाही!"

"असं?" गुरुजी म्हणाले. "चल, मी येतो."

कारखान्यात येताच गुरुजींनी जे केलं, ते पाहून कारागिरांच्या हातातली कामं थांबली. त्यांनी भिंतीवरचा हातोडा खाली घेतला, त्याचा हार काढून बाजूला ठेवला आणि ते हातोडा पेलत ऐरणीपाशी उभे राहिले. या माणसाने जन्मात पाटी-पुस्तकाखेरीज काही उचललं नव्हतं.

"गुरुजी! तो दादाचा आहे!"

"माहीत आहे. तू तिकडे बस."

"तिथे तर वहिनी बसायची."

"म्हणूनच बस. ती कशावर बसायची?"

हैबतीने मान खाली घातली. गोठ्यात जाऊन त्याने वासराखालचं गोणपाट ओढून आणलं, झटकलं, घडी घातली आणि तो बसला. आयुष्यात पहिल्यांदाच तो या बाजूला बसत होता.

"त्या पातळ जागेपासून दूर ठेव मला," म्हणत गुरुजींनी हातोडा उगारला.

पहिला ठोका कडेला गेला. दुसरा त्याच्याही पलीकडे. "अहो गुरुजी! हळू! तांबं आहे ते, नारळ नव्हे!" कारागीर तोंड लपवून हसू लागले. पण हंडा फुटेल या धास्तीने हैबतीचे हात आपोआप हलू लागले. हातोडा जरा डावीकडे येतोय असं दिसलं, की तो हंडा तसूभर सरकवी. गुरुजींचा श्वास चढला की फिरवणं मंदावी. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, की हातोडा तर थोड्याफार फरकाने एकाच जागी पडतो आहे. ओळ पुढे जाते ती हंडा पुढे गेल्यामुळे. त्याने डोळे फाडून पाहिलं. वेडीवाकडी का होईना, ओळ उतरत होती!

"या रे, बघा रे!" तो ओरडला. "गुरुजी ठोकताहेत आणि ओळ येतेय!"

कारागीर भोवती जमले. हैबती आता हसत होता, घामाने निथळत होता, आणि त्याचे तळवे तांब्यावर असे टेकले होते जसे झोपलेल्या लेकराच्या पाठीवर टेकावेत. एवढ्यात त्याला तळव्यात काहीतरी जाणवलं. धातूचा थरकाप बदलला होता. मघाशी ठोका आत मुरत होता, आता तो उसळून परत येत होता. कोणी सांगायच्या आत त्याचा उजवा हात वर गेला आणि तोंडातून शब्द निघाले, "थांबा. तापवा."

आणि तो हात तसाच हवेत राहिला.

हे शब्द त्याचे नव्हते. उभं बालपण त्याने वहिनीला असाच हात वर करताना पाहिलं होतं आणि दादाला लगेच थांबताना पाहिलं होतं. त्याला वाटायचं, वहिनी दमली, आणि दादाला तिची दया आली.

"गुरुजी," तो म्हणाला, "ती दमत नव्हती."

गुरुजींनी हातोडा टेकवला. श्वास सावरून ते म्हणाले, "तुझ्या दादाचं काम साऱ्या गावाला ऐकू जात असे. तुझ्या वहिनीच्या कामाला आवाज नव्हता. तू दोघांवर सारखीच माया केलीस, पोरा. पण स्मरण करायला बसलास तेव्हा ज्याचा आवाज येत होता तेवढंच आठवलंस. हार हातोड्याला गेला आणि गोणपाट गोठ्यात. असं अर्धंच आठवलं, तर ज्याला हार घातला तोही पुरता हाती लागत नाही. तुझा दादा म्हणजे कोणी हात वर केला की थांबणारा माणूस होता. आठवडाभर तू त्याच्या जागी उभा होतास. एकदा तरी थांबलास?"

 हैबतीने हंडा उचलला, भट्टीत लाल केला, पाण्यात बुडवून मऊ केला आणि ज्या कारागिरावर तो सर्वांत जास्त ओरडला होता त्याच्या हाती दादाचा हातोडा दिला. स्वतः गोणपाटावर बसला. पातळ झालेल्या जागेकडे आजूबाजूचं तांबं ठोक्याठोक्याने सरकत गेलं आणि ती जागा सावरली. जत्रेपर्यंत कारखान्यातून पूर्वीचाच नाद गावभर घुमत राहिला.

"माझी ती वाकडी ओळ तेवढी बुजव रे," गुरुजी एकदा म्हणाले.

"नाही बुजवणार," हैबती हसला. "तुमची पाटी मी कोरी ठेवली होती. तुम्ही माझा हंडा गिरवलात, तर बिघडलं कुठे?"

कोरणारा आला तेव्हा हैबतीने त्याला सांगितलं, "दोन्ही नावं घाल. सारख्या अक्षरांत, गळ्याभोवती गोल."

"पहिलं कोणाचं?"

"गोलाला पहिलं कुठलं आलं?"

चैत्रात हंडा देवळासमोरच्या पारावर बसवला गेला. तांब्यावर ऊन पडलं आणि खरोखरच नदीपलीकडून लोक बोट दाखवू लागले. ढोल वाजत होते, पोरं पुढेपुढे घुसत होती, पाण्याच्या घागरी घेऊन बाया खोळंबल्या होत्या. रस्त्याकडून येणाऱ्याला समोरच 'तात्याबा' हे नाव दिसत होतं.

"ओता पाणी!" कोणीतरी ओरडलं.

"जरा थांबा," हैबतीने हात वर केला.

त्याने दोन्ही तळवे हंड्याला लावले. आपल्याला न मिळालेलं उत्तर त्याला आता कोणाकडूनच नको होतं. त्याने 'यमुना' हे नाव रस्त्यासमोर येईपर्यंत हंडा अलगद फिरवला. जत्रेच्या त्या गलक्यात त्याचा काहीच आवाज झाला नाही.