इद्रीसचाचाचा नेम

खाडीवर पूल नव्हता आणि पैलतीरी जायचं तर वल्ह्याशिवाय गती नव्हती, त्या काळची ही गोष्ट. फार फार वर्षं झाली. माझ्या आजीने ती तिच्या आजीकडून ऐकली, आणि दोघीही पदरचं घालायला कमी करणाऱ्या नव्हत्या. मीही थोडं घालीन, तेवढं चालवून घ्या.

खाडीच्या अलीकडे सुरंगवाडी, पलीकडे तरवडे. सुरंगवाडीत इद्रीस नावाचा माणूस होता. होड्यांच्या फळ्यांमधल्या फटी बुजवणं हे त्याचं काम. तेलात आणि राळेत भिजवलेला कापूस तो फटीत असा ठासून बसवायचा, की पाण्याला शिरायला जागाच राहायची नाही. असं म्हणतात, की तो नुसता फळीला कान लावायचा आणि उद्या पाणी कुठून येणार ते आज सांगायचा. असंही म्हणतात, की त्याने बुजवलेल्या होडीत उघड्या तळावर मीठ पसरून मुंबईला नेलं, तरी ते खडखडीत कोरडं उतरायचं. मिठाचं मला काही खरं वाटत नाही. पण माणूस हुन्नरी होता, यात शंका नाही.

त्या गावात एक चाल होती. रमजानच्या आधीचा शाबान महिना सरत आला, की एका संध्याकाळी लहानथोर सगळे धक्क्यावर उंडीच्या झाडाखाली जमायचे आणि येत्या रमजानचा आपापला नेम सांगायचे. रोजे काय, सगळेच धरतात. त्याहून जास्त मी काय करीन, तो नेम. कल्पना चांगली होती. पण माणूस मोठा हुशार. ज्याला जे आधीपासून जमतं, तोच तो नेम धरायचा. फकीरमहंमद जन्माचा घुमा, तो म्हणायचा, यंदा मी कमी बोलीन. कुलसुमफुफूला म्हातारपणाने पहाटे झोपच लागत नसे, ती म्हणायची, यंदा मी गावाच्या आधी उठीन. हमीद पहिल्यापासून चिक्कू, तो म्हणायचा, यंदा मी साधं खाईन. मग सगळे एकमेकांना माशाअल्ला म्हणायचे आणि समाधानाने घरी जायचे.

इद्रीसचा नेम सगळ्यांत मोठा असे. अख्खं कुराण वाचून पुन्हा पहिल्यापासून धरीन, रात्रीची तरावीहची एकही नमाज चुकवणार नाही, मशिदीच्या हौदाचं पाणी मी एकटा भरीन. आणि तो ते करून दाखवायचा. लोक म्हणायचे, नेम धरावा तर इद्रीसचाचाने. तोही मान हलवायचा. नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

अशा या माणसाला एक बहीण होती, जुबेदा. ती पलीकडे तरवड्यात दिली होती. तिचा नवरा लतीफ मासेमारीला गेला आणि परत आला नाही. होडी बुडाली. ती होडी इद्रीसने बुजवलेली होती. इद्रीस मयतीला गेला, तेव्हा जुबेदाने त्याला एकच विचारलं, "भाय, कुठं फट राहिली होती का रं?" बिचारीने रागाने नाही विचारलं. ज्याचं माणूस जातं त्याला काहीतरी विचारावंसं वाटतं, तसं विचारलं. पण इद्रीसच्या ते वर्मी लागलं. भरल्या घरात, दहा माणसांत तो म्हणाला, "माझ्या हातची होडी बुडत नाय. तुझ्या नवऱ्याला हाकता येत नवती."

त्यानंतर जुबेदा कधी होडीत बसली नाही, म्हणजे माहेरी आली नाही, आणि इद्रीसही कधी पलीकडे गेला नाही. मधे नुसती खाडी. एकीकडे कोंबडा आरवला तर दुसरीकडे ऐकू यावा एवढीच रुंद. पण अशी वर्षांमागून वर्षं गेली.

मग एका साली गावाची तरीची होडी, म्हणजे माणसांना पैलतीरी नेणारी, कुजली. सुताराने नवी बांधली, इद्रीसने तिच्या फटी बुजवल्या. रमजानच्या आत ती पाण्यात उतरायला हवी होती, कारण त्या महिन्यात दोन्ही गावांची इफ्तारीला आणि नमाजीला सारखी ये-जा असे. आणि नव्या होडीचा दंडक असा, की ज्याने फटी बुजवल्या त्याने पहिल्या खेपेला स्वतः बसायचं. जीव टांगायचा तर आधी आपला टांगा, म्हणजे लोकांचा विश्वास बसतो. शहाणा दंडक होता.

इद्रीस बसला. होडीने तरवड्याच्या दिशेला तोंड केलं आणि तळातून पाणी वर येऊ लागलं. सगळे घाईघाईने मागे फिरले. होडी ओढून काढली, उलटी केली, फळी न् फळी तपासली. फट कुठेच नव्हती. इद्रीसला काठावर ठेवून दुसऱ्यांनी ती नेऊन पाहिली, तर पाण्याचा टिपूस नाही. इद्रीस बसला, की पुन्हा पाणी. त्याने सगळा कापूस उपसून काढला आणि नव्याने भरला. पुन्हा तेच. पोरं काठावर बसून हसायला लागली. हुन्नरी माणसावर हसायला मिळणं ही काही रोजची गोष्ट नाही.

शेवटी नेमाची संध्याकाळ आली. अख्खं गाव उंडीखाली जमलं, आणि सगळ्यांच्या देखत इद्रीस पुन्हा होडीत बसला. चार वल्ही मारली नाहीत तोच पाणी घोट्याला लागलं. तो ओलाचिंब होऊन धक्क्यावर चढला आणि भडकला. म्हणाला, लाकूड ओलं होतं. म्हणाला, सुताराचा हात वाकडा. मग वल्हवणाऱ्या पोरांकडे वळून ओरडला, "माझ्या हातच्या होडीत पाणी शिरत नाय. तुमाला हाकताच येत नाय."

त्याची बायको हाजरा बायकांच्या घोळक्यात उभी होती. कमी बोलणारी बाई. ती पुढे आली आणि हळूच म्हणाली, "हेच तुमी लतीफभायच्या टायमाला बोललाव."

इद्रीस तिच्याकडे वळला. म्हणाला, "मग काय म्हणू? फट माझी होती म्हणू? मना ठावं नाय ती होती का नवती."

"मग तेवढंच म्हणा," हाजरा म्हणाली. "ठावं नाय, एवढंच. त्या दिसापासून तुमच्या तोंडून मी हे आज पयल्यांदा ऐकलं."

इद्रीस धक्क्याच्या कडेला बसला. रोज रात्री निजताना तोच प्रश्न त्याच्या उशाशी येऊन बसे, आणि तो प्रश्न ऐकू येऊ नये म्हणून हा माणूस दरसाल नेमावर नेम चढवत होता. ते त्याला आत्ता कळलं.

कुलसुमफुफूने बिचकत विचारलं, "इद्रीस, यंदा तुझा नेम कंचा?"

"यंदा मी ठरवणार नाय," तो म्हणाला. "जिला दुखवलं, ती ठरवील."

आणि तो एकटाच होडीत चढला. बरोबर यायला कुणी धजावलं नाही. सूर्य बुडायला अजून अवकाश होता, त्यामुळे धक्क्यावरून सगळं दिसत होतं. खाडीच्या मध्यावर पाणी त्याच्या पोटऱ्यांपर्यंत चढलं. एका हाताने तो करवंटीने पाणी उपसत होता, दुसऱ्या हाताने वल्हं मारत होता, आणि मोठ्याने बोलत होता, "मना ठावं नाय, लतीफ. मना ठावं नाय." असं म्हणतात, की दर बोलण्यागणिक पाणी बोटभर उतरत गेलं, आणि तरवड्याच्या काठाला होडी लागली तेव्हा तळ कोरडा होता. तो उपसत होता म्हणून पाणी उतरलं, असं माझं मत. पण या गोष्टीत माझं मत कुणी विचारत नाही.

जुबेदा दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने वर पाहिलं. "भिजलास," एवढंच म्हणाली.

इद्रीस उभ्या उभ्याच म्हणाला, "जुबेदा, लतीफच्या होडीत माझ्या हातची फट राहिली होती का, मना ठावं नाय. नवती असं मी बोललो, ते ठावं नसताना बोललो. आणि लतीफला हाकता येत नवती असं बोललो, ते तर ठावं असून खोटं बोललो. त्याच्यासारखा हाकणारा दोन गावांत नवता."

जुबेदाने सूप बाजूला ठेवलं. "हे सांगाया इतकी वरसं?" ती म्हणाली. "होडी तर पान लावून खाईस्तोवर पोचती."

"चुकलो. माफ कर."

"ते मी बघन," जुबेदा म्हणाली. होड्या हाकणाऱ्या सारंगांच्या घरातली लेक ती, सहजासहजी थोडीच वाकणार.

तेव्हा त्याने तिला विचारलं, यंदाचा माझा नेम तू सांग. ती म्हणाली, "रोज ये. रोजा हितं येऊन सोड."

ऐकायला सोपं वाटतं. पण दिवसभराच्या उपाशी पोटी, तहानेने घसा सुकलेला असताना, उतारवयात रोज खाडी ओलांडायची, आणि ती कुणाच्या दारी, तर जिच्याशी नजर मिळवायची हिंमत नाही तिच्या. इद्रीस रोज गेला. त्या साली त्याचं कुराण अर्धंही वाचून झालं नाही. हौदाचं पाणी दुसऱ्यांनी भरलं. पहिले काही दिवस जुबेदा नुसता खजूर पुढे करायची आणि आत जायची. मग पाण्याचा तांब्या घेऊन थांबायला लागली. मग एकदा तिने तांदळाची सांदणं वाफवली, आणि मीठ जास्त पडलं म्हणून तो हसला, तर तीही हसली. पुढे लतीफचा विषय निघाला आणि दोघं भावंडं रोजा सोडता सोडता रडली. त्या दिवशी अन्न तसंच राहिलं.

ईदच्या सकाळी सुरंगवाडीची माणसं नमाजीला निघाली, तेव्हा त्यांना खाडीत तरीची होडी येताना दिसली. इद्रीस वल्हवत होता आणि समोर जुबेदा बसली होती. नवऱ्याला पाण्याने नेल्यापासून जिने होडीला पाय लावला नव्हता, ती भावाने बुजवलेल्या होडीत बसून माहेरी येत होती. धक्क्यावर हाजरा धावत गेली आणि तिने नणंदेला हात दिला. असं म्हणतात, की त्या दिवशी होडीत पाण्याचा थेंबही नव्हता. जुबेदाला मात्र पुढे कुणी विचारलं, तर ती म्हणायची, "होतं की थोडं. मी पाय वर घेतलं."

इद्रीस गेला त्याला किती काळ लोटला, कोण जाणे. त्याची कबर कोणती, यावरही गावात दोन मतं आहेत. आता खाडीवर पूल झाला, आणि तरीची होडी पूल बघायला येणाऱ्या पाहुण्यांपुरती उरली. पण शाबान सरत आला, की सुरंगवाडीत अजूनही कुणी आपला नेम आपण ठरवत नाही. ज्याला आपण दुखवलं असेल, त्याच्या दारात जायचं आणि विचारायचं, यंदाचा माझा नेम तू सांग. दुबईला गेलेली मुलं फोन करून विचारतात. सासवा सुनांना विचारतात, आणि त्या संध्याकाळी सुनांचा थाट बघण्यासारखा असतो. दुसऱ्या धर्माचे शेजारीही विचारायला येतात, त्यांना कुणी नाही म्हणत नाही.

सांगणाऱ्यालाही एक बंधन आहे. विचारायला आलेल्याला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, आणि मग एकच गोष्ट सांगायची. मनात दहा असल्या तरी एकच. बाकीच्या पुढच्या रमजानसाठी राखून ठेवायच्या, म्हणजे पुढच्या सालीही तो आपल्या दारात येतो.