निरंक

“मग तुझ्या यादीत सगळ्यांत सुखी कोण निघालं?”

ऋजुताला वाटलं होतं, तक्ते पाहून जिजी थक्क होतील. दोन वर्षं परदेशात शिकून तिने बारा तालुक्यांतल्या बालसंरक्षण कार्यकर्तींचं सगळं काम एका कागदावर आणलं होतं. पण तेच काम तीस वर्षं करून निवृत्त झालेल्या जिजी ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. कागद सालांखाली गेला होता.

“अनसूया तडवी,” ऋजुता म्हणाली. “पंच्याण्णव मुलं सांभाळते. एकही गृहभेट चुकलेली नाही. अडचणींच्या रकान्यात अकरा महिने एकही नोंद नाही, निरंक.”

“निरंक…”

“म्हणजे तिचं बरं चाललंय. मदतनीस एकाच कार्यकर्तीला मिळणार आहे. उद्या दुपारपर्यंत नाव कळवायचंय. मी सुलभाचं लिहिलंय, तिच्या अडचणी पानभर आहेत.”

“ठरलंय तर आलीस कशाला? वाल सोलायला?”

ऋजुताचा आवाज खाली आला.

“यंदा दोघी काम सोडून गेल्या, जिजी. एक तर कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवून न सांगता गेली. तिच्या यादीतल्या मुलांकडे तीन आठवडे कुणी फिरकलं नाही… दोघींच्याही रकान्यात निरंकच होतं. माझं कुठे चुकतंय?”

जिजींचा हात थांबला.

“फाट्यावरून चालत आलीस?”

“हो.”

“वाटेत काही त्रास?”

“छे, काही नाही.”

जिजींनी सालांखालून कागद ओढला. तिच्याच पेन्सिलीने तळाशी लिहिलं : ऋजुता. अडचणी : निरंक.

मग तिच्या पायाकडे बोट दाखवलं. चपलेचा अंगठा तुटला होता. टाच रक्ताने माखली होती.

“तुम्हाला उगाच कशाला…”

“हं,” म्हणत जिजी हळद आणायला आत गेल्या.

ती त्या दिवशी तिथेच राहिली. सकाळी सुलभाच्या नावापुढे तिने प्रश्नचिन्ह काढलं, कागद पिशवीत टाकला. पहिल्या बसने अनसूयाच्या गावी जायचं, दिवस तिच्याबरोबर काढायचा. नाव उशिरा गेलं तर बोलणी आपण खायची.

जिजींच्या चपला घालून ती उंबऱ्यापाशी थबकली.

“जिजी… तिला नेमकं काय विचारू?”

“विचारू नकोस. मागून चाल, आणि पाय बघ.”