समोरची चटई

एकेकाळी एक वृद्ध आचार्य राजधानीच्या वेशीबाहेर एकटेच राहत. राजधानीत मात्र त्यांचे एक वाक्य सुखाने नांदत होते. तरुणपणी त्यांनी राज्यकारभारावर एक पुस्तिका लिहिली होती. तिचे पहिलेच वाक्य, 'राजा एकटा आहे, आपण अनेक आहोत', साऱ्या नगराच्या तोंडी बसले. सभेत तेच, भिंतीवर तेच, पंगतीत शेवटच्या लाडवावर हात टाकतानाही लोक हसत म्हणत, "राजा एकटा, आपण अनेक!"

महिन्यापूर्वी एक तरुण त्यांचा शिष्य होऊन आला होता. रोज सायंकाळी आचार्य ओसरीवर आपल्या चटईसमोर दुसरी चटई अंथरत आणि दिवेलागणीला ती मुकाट्याने गुंडाळून ठेवत. कोणासाठी, हे विचारायचा शिष्याला धीर झाला नव्हता.

एके सायंकाळी एक व्यापारी ते वाक्य चांदीच्या पत्र्यावर कोरून घेऊन आला. नमस्कार करून तो रिकाम्या चटईवर बसणार, तोच आचार्यांनी विचारले, "दुसरं वाक्य कोणतं?"

"दुसरं कशाला, महाराज? आम्हाला पहिलंच जन्मभर पुरलं!"

आचार्यांनी चटई ओढून घेतली. व्यापारी आल्या पावली परत गेला.

"आचार्य, किती प्रेमाने आला होता तो! आपण त्याला बसूही दिलं नाही?" शिष्याला राहवले नाही.

आचार्यांनी ती चटई बाजूला ठेवली. मग म्हणाले, "बाळ, दुसरं वाक्य असं आहे: 'हे ज्याला चूक वाटेल, त्याने येऊन सांगावे, माझ्यासमोर त्याची चटई अंथरलेली असेल.' चाळीस वर्षं झाली. हार घेऊन शेकडो आले, ह्या चटईसाठी कुणी आलं नाही. पहिलं वाक्य ही नुसती हाक होती रे. लोक हाकच घोकत राहिले, ओ कुणी दिलीच नाही. माझ्याइतका एकटा माणूस या राज्यात नसेल."

पुस्तिका शिष्यानेही उघडली नव्हती. पहिले वाक्य पाठ होते, तेवढ्यावर तो शिष्य झाला होता. त्या वाक्याविषयीची शंका मात्र त्याने आदरापोटी गिळून टाकली होती.

त्याने चटई पुन्हा अंथरली आणि तिच्यावर बसला.

"आचार्य, मला आपलं वाक्य पटत नाही. राजा एकटा नसतो. त्याच्यापुढे माना डोलावणारे आपण सगळे त्याच्याच बाजूला असतो."

आचार्यांचे डोळे भरून आले. दिवेलागण झाली होती, पण त्यांनी समोरची चटई गुंडाळली नाही. आपली तेवढी जरा पुढे सरकवली.

"मग माझं चुकलंच की," ते म्हणाले. "बोल पुढे."