ठकूबाईच्या लेकीचं गाणं

राजेरजवाड्यांच्या काळातली ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात ठकूबाई नावाची विधवा नाव चालवायची. तिची एकुलती एक लेक पुरात वाहून गेली होती. त्या लेकीसाठी तिने एक गाणं रचलं होतं. वल्हं मारता मारता ती ते हळू आवाजात म्हणायची.

एकदा माणकोबा नावाचा गवई तिच्या नावेत बसला. गाणं ऐकून त्याचे डोळे भरून आले.

"मावशी, कुणाचं हो हे गाणं?"

"माझंच. माझ्या लेकीसाठी केलंय."

पैलतीर येईपर्यंत गाणं माणकोबाला पाठ झालं.

त्या राज्यात एक नियम होता. दुसऱ्याचं गाणं घरात, शेतात कुणीही खुशाल म्हणावं. पण ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून गावोगावच्या गायकांकडे पाठवायचं, तर रचणाऱ्याची परवानगी घ्यावी लागे आणि पत्र्यावर त्याचं नाव घालावं लागे.

माणकोबाने दरबारात ते गाणं गायलं. राजा म्हणाला, "हे गाणं राज्यभर पोचलं पाहिजे."

पत्रा कोरायला बसलेल्या तांबटाने विचारलं, "रचलंय कुणी? त्यांना विचारलंत ना?"

माणकोबा घुटमळला. नदी दूर होती. आणि म्हातारी नाही म्हणाली तर?

"मीच रचलंय," तो म्हणाला.

गाणं गावोगाव गेलं. कुणी चाल जलद केली, कुणी ढोलकी जोडली. बघता बघता ते लग्नाच्या वरातीत वाजू लागलं.

एके दिवशी एक वऱ्हाड ठकूबाईच्या नावेत बसलं. मंडळी टाळ्या वाजवत तेच गाणं म्हणू लागली. ठकूबाईचं वल्हं थांबलं.

"कुणाचं गाणं हे?" तिने विचारलं.

"माणकोबा गवयाचं! तुम्ही ऐकलं नाही कधी?"

तिने वऱ्हाड पलीकडे सोडलं. त्या दिवसापासून तिचं गाणं बंद झालं.

पुढे माणकोबा पुन्हा त्या वाटेने आला. नावेत नुसता पाण्याचा आवाज होता.

"मावशी, आज गात नाही?"

"गाणं ओठांवर आलं की टाळ्या ऐकू येतात, बाबा. पूर्वी लेक दिसायची."

माणकोबाने तिचे पाय धरले. "माझं चुकलं. मी दरबारात खरं सांगतो. तुमचं नाव कोरायला लावतो."

"लावा. पण तुम्ही विचारलं असतं, तर मी नाही म्हटलं नसतं. एवढंच सांगितलं असतं, की हे नाचायचं गाणं नाही."

माणकोबाने राजापुढे गुन्हा कबूल केला. त्याचं दरबारातलं स्थान गेलं. पत्रे परत मागवले, त्यांवर ठकूबाईचं नाव कोरलं. पण लोकांच्या तोंडी बसलेली चाल कुणालाच परत मागवता येईना. माणकोबा गावोगाव फिरून ते गाणं कुणाचं, कशासाठी रचलेलं, हे सांगत राहिला. काहींनी ऐकलं, काहींनी नाही.

ठकूबाईने त्याला माफ केलं. ती नाव चालवत राहिली, पण पुन्हा कधी गायली नाही.

तात्पर्य: दुसऱ्याचं गाणं चारचौघांत नेण्याआधी ज्याचं आहे त्याला विचारावं. मागून माफी मिळेलही, पण त्याचं गाणं त्याला परत देता येत नाही.