पितळी सिंहाचा तराजू

या कथेचे तीन पाठ सांगितले जातात. पहिल्यात तराजूवरची साळुंकी खोटे बोलते. दुसऱ्यात मांत्रिक लबाड असतो आणि शेवटी त्याचा दगड होतो. तिसरा पाठ क्वचित ऐकू येतो. त्यात कोणीच खोटे बोलत नाही. तो येथे दिला आहे.

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा होता. कनकलेखा ही त्याची एकुलती एक कन्या आणि राज्याची वारस. तिला पंधरावे वर्ष लागले तेव्हा तळ्याचा गाळ उपसताना जुन्या राजवंशाचा खजिना सापडला. त्यात एक सोन्याचा तराजू निघाला. एका पारड्यात पितळी सिंह होता, दांडीवर जिवंत साळुंकी बसली होती, आणि तिच्या पायांखाली अक्षरे कोरली होती: 'सोळा वर्षे पूर्ण होतील त्या दिवशी वारस सिंहापेक्षा जड भरला, तर राज्य रसातळाला जाईल.'

राजाने कन्येला रिकाम्या पारड्यात बसवले आणि विचारले, "वजन किती?"

"सिंहापेक्षा दोन शेर जड," साळुंकी म्हणाली.

राजाने मांत्रिक शंबरनाथाला बोलावले. तो विद्वान होता, आणि जे सांगे ते स्वतः पाळत असे. पहिल्या पौर्णिमेला तो म्हणाला, "भाताने मेद चढतो." भात बंद झाला. दुसऱ्या पौर्णिमेला म्हणाला, "तुपाने तो थिजतो." तूप बंद झाले. तिसऱ्या पौर्णिमेला म्हणाला, "डाळ जड, दूध जड. जड खाणारा जड होतो. कोमट पाण्यात मध आणि लिंबू द्यावे, उरला मेद वितळेल." राजनिष्ठा म्हणून दरबारानेही तेच व्रत घेतले, आणि मंत्री एकमेकांचे कमरबंद पाहून समाधान मानू लागले.

प्रारंभी राजकन्येचे पारडे वर गेले. नगरात साखर वाटली गेली, पण दरबारातल्या कोणी ती खाल्ली नाही. मग सातव्या महिन्यात पारडे खाली येऊ लागले.

"एक शेर जड," साळुंकी म्हणाली. पुढच्या पौर्णिमेला म्हणाली, "तीन शेर जड."

राजकन्येचे गाल गोल झाले, पैंजण पायात रुतले. राजाने मुदपाकखान्यातल्या चिमाक्काला बोलावले. राजकन्येचा पहिला घास तिनेच शिजवला होता.

"चिमाक्का, चोरून भरवतेस?"

"महाराज, पाच महिने माझ्या चुलीवर पाण्यावाचून काही उकळले नाही. भांडी घासणारीचे हात मऊ पडले."

"मग वजन येते कुठून?"

चिमाक्का राजकन्येच्या महालात गेली. कनकलेखा खिडकीशी बसली होती.

"अक्का, आता मला भूकच लागत नाही," ती म्हणाली. "हे चांगले ना?"

चिमाक्का तिथून निघाली ती थेट तराजू जिथून निघाला त्या तळ्यावर गेली. खजिन्याच्या खड्ड्यात त्याचा राखणदार नाग बसला होता; समोर जाळ पेटला होता आणि दोन भरलेले घडे ठेवले होते.

"तीन कामे कर, मग बोलेन," नाग म्हणाला. "हा जाळ सरपणाशिवाय जळता ठेव."

चिमाक्काने फुंकर घातली, वारा घातला. जाळ विझला. "होत नाही, नागराज. जाळालाही खायला लागते."

"हेच उत्तर हवे होते, पहिले काम झाले. या दोन घड्यांतला जड कोणता?"

तिने दोन्ही उचलले. एकात पाणी होते, एकात डाळ. "वजन सारखेच आहे. पण एकावर माणूस जगेल, दुसऱ्यावर नुसता फुगेल." बोलताबोलता तिला राजकन्येचे गोल गाल आणि रुतलेले पैंजण आठवले. तिने घडे खाली ठेवले.

"तिसरे काम तुला समजले आहे," नाग म्हणाला. "जा."

दरबारात राजकन्या पारड्यात बसलेली होती आणि पारडे जमिनीला टेकले होते. चिमाक्का कोणाला न विचारता पुढे गेली. तिने राजकन्येच्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. मळलेल्या कणकेत पडावा तसा खळगा पडला. तो भरून आला नाही.

"साळुंके," चिमाक्का म्हणाली, "वजन कशाचे?"

"पायांत पाणी, पोटात पाणी, गालांत पाणी," साळुंकी म्हणाली. "मांस झिजले. मूल उपाशी आहे."

राजा साळुंकीकडे वळला. "हे आधी का सांगितले नाहीस?"

"आपण किती ते विचारलेत, महाराज. कशाचे ते विचारले नाहीत."

शंबरनाथ खाली बसला. त्याने धोतर वर घेतले आणि स्वतःच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला. तो त्याकडे पाहत राहिला. मग प्रधान वाकला, मग सेनापती, मग एकेक मंत्री. साऱ्या दरबारात खालमानेने पाय चाचपणारी माणसे होती, आणि एकाचाही खळगा भरत नव्हता.

"हिला जेवू घातले तर सोळा पूर्ण होतील तेव्हाही ती जडच भरेल," प्रधान हळूच म्हणाला. "राज्य बुडेल."

राजाने कन्येला पारड्यातून उचलले. "बुडू दे. चिमाक्का, चूल पेटव."

चिमाक्काने एकदम ताट वाढले नाही. उपाशी पोटाला भरले ताटही बाधते, हे ती जाणत होती. आधी पातळ पेज, तीही चमच्याने. मग डाळीचे पाणी, मग दूध, मग मऊ भात, त्यावर तूप. महिन्याभरात पाणी ओसरले, आणि राजकन्या इतकी हाडकुळी दिसली की राजाने तोंड फिरवले. मग हळूहळू हाडांवर मांस धरले.

सोळा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी ती स्वतः पारड्यात बसली. पितळी सिंह वर गेला.

"सिंहापेक्षा तीन शेर जड," साळुंकी म्हणाली.

सारे भूमी दुभंगण्याची वाट पाहत उभे राहिले. ती दुभंगली नाही. राजाने 'बुडू दे' म्हटले त्या दिवसापासून सैल पडलेली दांडीवरची अक्षरे एकेक करून झडली, आणि साळुंकी उडून गेली.

कनकलेखा पारड्यातून उतरली, मुदपाकखान्यात गेली आणि पाटावर बसली. चिमाक्काने तिला भात वाढला.